फाटकातून वाचलेली गाडी

रीडिंगकाकांची नजर हा घरात चेष्टेचा आणि घराबाहेर कौतुकाचा विषय होता. वीज कंपनीत एकतीस वर्षं त्यांनी लोकांचे मीटर वाचले. मीटर जिन्याखाली असो, सायकलींच्या ढिगामागे असो, नाहीतर कुत्र्याच्या हद्दीत असो, काका फाटकाशीच उभे राहायचे, मान जराशी तिरकी करायचे, आकडा वहीत टाकायचे आणि पुढच्या दाराला लागायचे. त्यांचं खरं नाव पोरांना माहीत नव्हतं आणि मोठ्यांना आठवत नव्हतं. काकू म्हणायच्या, या माणसाला पलीकडच्या गल्लीतलं दिसतं, फक्त ताटाशेजारी ठेवलेला चष्मा दिसत नाही.

अगदीच आकडा दिसला नाही तर त्यावरही उपाय होता. मागच्या महिन्यांचा अंदाज घ्यायचा आणि सरासरी टाकून मोकळं व्हायचं. याला काका लबाडी म्हणत नसत. अंदाज थोडा चुकला तरी पुढच्या महिन्यात खरा आकडा वाचला की सगळं आपोआप जुळून जायचं. कुणाचं काही बिघडत नव्हतं, आणि काकांचे तेवढेच जिने वाचत होते.

मग असे मीटर आले की जे स्वतःच आपला आकडा ऑफिसला कळवतात. काका घरी आले. आठ महिने ते घरी बसले आणि काकूंनी हात टेकले. फ्रिज किती वेळा उघडला, गीझर किती मिनिटं चालू होता, याची नोंद ठेवणारा नवरा चोवीस तास घरात म्हणजे काय, हे ज्याचं त्याला कळे. शेवटी जावयाने धावाधाव करून त्यांना एका ठेकेदाराकडे चिकटवलं. काम पुन्हा दारोदार फिरण्याचंच होतं.

एका मोटार कंपनीने बऱ्याच वर्षांपूर्वी विकलेल्या गाड्यांत दोष निघाला होता. स्टीअरिंगच्या मधोमध, जिथे आपण हॉर्न वाजवायला तळहात ठेवतो, त्याच्या आत एअरबॅग घडी करून ठेवलेली असते, आणि तिच्यामागे मुठीत मावेल एवढी लोखंडी डबी. धडक बसली की डबीतलं स्फोटक पेटतं आणि पापणी लवायच्या आत पिशवी फुगते. या गाड्यांतलं स्फोटक उन्हाने आणि दमट हवेने वर्षानुवर्षं खराब होत गेलं होतं. ते पेटलं की पिशवी फुगवून थांबत नसे, डबीच फोडत असे, आणि डबीचे तुकडे चालवणाऱ्याच्या गळ्यात, छातीत घुसत. किरकोळ धडकेतून माणूस उठून घरी जायचा, तो अशाने जिवानिशी जात होता. कंपनी डबी फुकट बदलून देत होती. काम तासाभराचं. पत्रं पाठवून झाली, फोन करून झाले, लोकांनी भीक घातली नाही. म्हणून आता माणसं पाठवली होती.

लोकांनी माणसांनाही भीक घातली नाही, हे काकांना पहिल्याच आठवड्यात कळलं. एकाने सांगितलं की गाडी नऊ वर्षं त्याच्याकडे आहे, ती त्याच्याशी असं वागणार नाही. एकाने विचारलं की डबी फुकट देताय तर सोबत चार टायर का देत नाही. एका बाईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं, दोनदा मान हलवली आणि मग विचारलं की पाण्याचा फिल्टर साफ करायला कधी येणार. “पुढच्या आठवड्यात नक्की” असं म्हणणारे तर उदंड. काकू म्हणाल्या, “एकतीस वर्षं तुम्हाला पाहिलं की लोकांना बिल आठवायचं. आता मरण आठवणार. तुमचं नशीबच असलं.”

काका त्रेसष्टचे होते. उजवा गुडघा सकाळी बरा असायचा, दुपारी कुरकुरायचा आणि चारनंतर सरळ संपावर जायचा. दिवसाला चाळीस दारं. प्रत्येक दारापुढे एक आकडा टाकायचा. एक म्हणजे मालक भेटला, सांगितलं. दोन म्हणजे गाडी विकली. तीन म्हणजे भंगारात गेली. चार म्हणजे गाडी वापरात नाही. पाच म्हणजे घर बंद. पाच टाकला की त्याच दारी आणखी तीन खेपा. चार टाकला की गाडी यादीतून बाहेर, खेप नाही, चौकशी नाही. कुणी कितीही नाकं मुरडली तरी खरं ते खरं, दुपारी चारनंतर काकांच्या वहीत चाराचे आकडे वाढायचे.

त्या चढावरच्या घराचंही असंच झालं. फाटकाच्या आत सपाट अंगण, अंगणात राखाडी कव्हर घातलेली गाडी आणि तिथून वर घरापर्यंत पायऱ्या. काकांनी त्या नजरेनेच मोजल्या. तेवीस. फाटकाची कडी तारेने बांधलेली होती. काकांनी मान तिरकी केली. पुढचं चाक रिमवर बसलेलं, गवत चाकाच्या निम्म्यापर्यंत चढलेलं, कव्हरावर वाळक्या पानांचा थर. अशी गाडी वाचायला जवळ कशाला जायला हवं? त्यांनी चार लिहिला आणि उतार उतरायला लागले. त्या दिवशी घरी जाऊन त्यांनी गुडघ्याला शेक घेतला, जेवले आणि छान झोपले. हे नंतर त्यांना फार लागलं, की आपण त्या दिवशी छान झोपलो होतो.

पाच आठवड्यांनी त्याच गल्लीत दुसऱ्या एका दारी त्यांची खेप होती. जाता जाता सवयीने त्यांनी चढावरच्या फाटकातून आत पाहिलं. गाडी नव्हती. गाडीच्या जागी पिवळ्या, मेलेल्या गवताचा लांबट चौकोन होता आणि पायरीवर कव्हर नीट घडी करून ठेवलेलं होतं. फाटकाची तार गेली होती. फाटकापासून रस्त्यापर्यंत चाकांचे ताजे ठसे होते, आजच्याच सकाळचे.

भंगारवाला असता तर गाडी ओढून नेली असती, कव्हराची घडी कोण करत बसलं असतं? ते पायऱ्या चढायला लागले. आठव्या पायरीवर थांबले, पंधराव्या पायरीवर कठडा धरला. वर पोचल्यावर त्यांनी बेल दोनदा वाजवली.

दार एका ऐंशीच्या घरातल्या आजींनी उघडलं. काकांचं ओळखपत्र त्यांनी डोळ्यांजवळ नेऊन वाचलं, बसायला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि मगच काय काम म्हणून विचारलं. काकांनी गाडीची चौकशी केली. आजींचा चेहरा खुलला. गाडी ह्यांची, म्हणाल्या. हे जाऊन चार वर्षं झाली, तेव्हापासून उभीच होती. आता नातीला शहराच्या पार दुसऱ्या टोकाला लॅबमध्ये नोकरी लागली, दोन बस बदलून जायची, अर्धमेली होऊन यायची. मग मेकॅनिक बोलावला, बॅटरी बदलली, चाकं बदलली. बारा दिवस झाले, पोरगी गाडीने जाते-येते. हात अजून बसायचाय तिचा, परवाच एका खांबाला घासून आली, पण बसेल.

काकांनी विचारलं, कंपनीची पत्रं आली होती का. आजी उठल्या आणि आतल्या खोलीतून पाकिटांचा एक लहानसा गठ्ठा घेऊन आल्या. सात पाकिटं. तारखेप्रमाणे लावलेली, वर एक जुना चष्मा ठेवलेला. एकही पाकीट फोडलेलं नव्हतं.

“ही तर उघडलीच नाहीत,” काका म्हणाले.

“ह्यांच्या नावाची आहेत ना,” आजी म्हणाल्या. “बावन्न वर्षांत मी त्यांचं पत्र फोडलं नाही. त्यांनी माझं फोडलं नाही. आता ते नाहीत म्हणून फोडायचं, हे काही मला बरं वाटेना. महत्त्वाचं असेल तर कुणीतरी येईल सांगायला, म्हटलं.”

त्यांनी पहिलं पाकीट उचललं, आजींकडे पाहिलं, आजींनी मान हलवली. मग काकांनी ते फोडलं आणि आतलं सगळं हळूहळू समजावून सांगितलं. डबी, ऊन, दमट हवा, तुकडे. असल्या गोष्टी सांगताना ते एरवी तासाला सहा घरं उरकायचे, तोंडाने बोलायचे आणि मनाने पुढच्या दारात असायचे. आज प्रत्येक शब्द जिवावर येत होता. आजींनी मधे एकदाही तोडलं नाही. सगळं ऐकून त्यांनी नातीला फोन लावला. उचलला नाही. पुन्हा लावला. कामावर असली की फोन कपाटात ठेवते, म्हणाल्या. लॅबचा नंबर काकांनी शोधून काढला, तिथे कुणीतरी सांगितलं की ती नुकतीच निघाली.

म्हणजे ती गाडीत होती. आता वाट बघण्याखेरीज दोघांच्या हातात काही नव्हतं. आजी खिडकीशी बसल्या, काका दाराशी. भिंतीवरच्या घड्याळात पाचला दहा कमी होते. पोचायला चाळीस मिनिटं लागतात, आजी म्हणाल्या, आज बुधवार, गर्दी असेल. काकांनी रुमालाने मान पुसली. काही न सांगता राहता आलं असतं. आजींना काहीच माहीत नव्हतं, कधी कळणारही नव्हतं. पण समोर ती सात पाकिटं पडली होती.

“मी आलो होतो,” काका म्हणाले. “पाच आठवड्यांमागे. फाटकापर्यंत.”

आजींनी वळून पाहिलं. “मी घरातच असते. मग वर का नाही आलात?”

“पायऱ्या होत्या,” काका म्हणाले.

आजी त्यांच्याकडे पाहत राहिल्या. रागावल्या असत्या, चार शब्द सुनावले असते तर काकांना बरं वाटलं असतं. पण त्या नुसत्या दमलेल्या दिसल्या. त्यांनी पुन्हा खिडकीकडे तोंड केलं, आणि थोड्या वेळाने, जणू स्वतःशीच, म्हणाल्या, “पायऱ्या आहेत खऱ्या.”

साडेपाच झाले. पावणेसहा झाले. काकांच्या डोळ्यांपुढे नको नको ते यायला लागलं, आणि प्रत्येक चित्रात खाली त्यांच्याच अक्षरातला चाराचा आकडा होता. सहाला पाच कमी असताना खालून हॉर्न वाजला. दोनदा, झोकात. पोरगी आल्याची वर्दी देत होती. तो तळहात नेमका कुठे पडला असेल हे काकांना न बघताही दिसलं.

ते उठले आणि तेवीस पायऱ्या कशा उतरले ते त्यांना नंतर सांगता आलं नाही. फाटक उघडून त्यांनी दोन्ही हात वर केले. गाडीत पंचविशीची एक मुलगी होती, सीट पार पुढे ओढून, स्टीअरिंगला जवळजवळ कवटाळून बसलेली. नवं चालवणारे बसतात तशी. अनोळखी म्हातारा हात वर करून उभा बघून ती घाबरली आणि तिने पुन्हा हॉर्न दाबला.

“हॉर्न नको,” काका म्हणाले. “बाळा, हॉर्न नको. हात बाजूला घे. आहे तिथेच बंद कर आणि उतर.”

मुलगी उतरली. आजी वरच्या कठड्याशी येऊन उभ्या होत्या, त्यांनी वरूनच खूण केली की ऐक त्यांचं. काकांनी किल्ली मागून घेतली आणि फाटकाशीच बसकण मारली. गुडघा आता बोलतही नव्हता. मुलीने पाणी आणून दिलं आणि काका, तुम्हाला बरं वाटत नाहीये का, असं विचारलं. काकांनी पाणी पिऊन भांडं परत दिलं.

दुसऱ्या दिवशी गाडी टोइंग करून वर्कशॉपला नेली. काका स्वतः हजर राहिले, जरी ते त्यांचं काम नव्हतं. मेकॅनिकने डबी काढून बाजूच्या खोक्यात अलगद ठेवली आणि हात पुसत म्हणाला की चालत्या गाड्यांपेक्षा या उभ्या गाड्या खराब. चालती गाडी निदान सावलीत तरी जाते. ही चार उन्हाळे कव्हराखाली शिजत पडली होती. अशांचा काही भरवसा नाही. तो दुसऱ्या गाडीकडे वळला. काका मात्र तिथेच उभे राहिले. चार नंबरच्या सगळ्या गाड्या उभ्याच होत्या. यादीतून त्यांनी वेचून वेचून त्याच बाहेर काढल्या होत्या.

त्या संध्याकाळी त्यांनी वही काढली. आजींची गाडी सोडून अकरा आठवड्यांत चाराचे एकसष्ट आकडे होते. कुठे आपण दार वाजवलं आणि कुठे नाही, हे त्यांना लख्ख आठवत होतं, नजरेसारखी त्यांची स्मरणशक्तीही दुष्ट होती. अठरा ठिकाणी माणूस भेटला होता. उरलेले त्रेचाळीस फाटकातून वाचलेले. काकूंनी विचारलं की आता या वयात परीक्षा आहे का कसली. मग त्यांचा चेहरा पाहून त्यांनी चहा टाकला.

ठेकेदाराच्या ऑफिसातल्या बाई काकांच्या मुलीच्या वयाच्या होत्या आणि काकांपेक्षा जास्त थकलेल्या दिसायच्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. चारचे आकडे वर कळवून झालेत, त्या म्हणाल्या. त्या भागाचं काम पूर्ण झालं म्हणून शाबासकीसुद्धा आली. आता त्रेचाळीस गाड्या परत यादीत घातल्या तर वरचे विचारणार की आधी काय केलंत, आणि उत्तर त्यांना द्यावं लागणार.

“काका, कुणीही विचारलेलं नाहीये,” त्या हलक्या आवाजात म्हणाल्या.

“त्या आजींनी विचारलं,” काका म्हणाले.

बाईंनी कपाळ चोळलं. मग मागच्या तारखांचा तक्ता उघडून एकेक ओळ पुन्हा यादीत टाकायला लागल्या. पुढच्या भागासाठी तुमचं नाव नसेल, एवढं मात्र त्यांनी सांगून ठेवलं. काकांनी मान हलवली. पुढच्या भागाची हौस त्यांनाही उरली नव्हती.

मग काका फिरले. दिवसाला चाळीस दारं नव्हे, तीन किंवा चार. गुडघ्याला पट्टा बांधून, काकूंची शिव्याशापांची शिदोरी बरोबर घेऊन. प्रत्येक फाटक उघडलं, प्रत्येक बेल वाजवली, बेल नसेल तिथे कडी वाजवली, कुणी नसेल तर पायरीवर बसून राहिले. माणसं पूर्वीसारखीच होती. कुणी फिल्टरवाला समजलं, कुणी हाकललं, एका गृहस्थाने तर कुत्रं सोडलं नाही पण कुत्र्याचं नाव मोठ्याने घेतलं. काका वाद घालत नसत. गाडी दाखवा म्हणत, हात लावून बघत आणि मगच लिहीत. एकोणचाळीस गाड्या होत्या तिथेच कव्हराखाली होत्या, त्या उचलून नेण्याची व्यवस्था झाली. दोन भंगारात गेल्या होत्या, तोडल्याचा कागद काकांनी डोळ्यांनी पाहिला. एक चालू झाली होती, मालकाला त्यांनी वर्कशॉपपर्यंत सोबत केली.

बेचाळीस झाल्या. त्रेचाळिसावी विटकरी रंगाची होती, एका शिंप्याच्या घरामागच्या बोळात उभी असलेली. काकांना ती नीट आठवत होती, मागच्या काचेवर कुणीतरी धुळीत बोटाने फूल काढलं होतं. त्यांनी बोळात डोकावून पाहिलं तर तिथे आता कापडाचे गठ्ठे रचले होते. शिंप्याने मशीन थांबवलं. गाडी ना, म्हणाला, महिना झाला विकून. जुन्या गाड्या घेणारा एक जण रस्त्यावरून चालला होता, त्याला दिली. त्याने पुढे कुणाला दिली त्यांचं नाव माहीत नाही. कागदपत्रं अजून शिंप्याच्याच नावावर होती. घेणाऱ्याचा एक फोन नंबर होता, तो लागत नव्हता. एवढंच आठवतं, शिंपी म्हणाला, गाडी न्यायला त्याने पाठवलेलं एक जोडपं आलं होतं, बाई चालवत होती आणि मागे मूल होतं.

“मी महिन्याआधी येऊन गेलो असतो तर?” काकांनी विचारलं.

“तर काय, सांगितलं असतंत तर थांबलो असतो की,” शिंपी म्हणाला, आणि त्यात टोमणा नव्हता, त्याने सरळ उत्तर दिलं होतं.

काका तो नंबर ऑफिसात देऊन आले, बाईंनी गाडी नोंदणीच्या खात्याला पत्र लिहिलं, खात्याने कळवलं की मालक म्हणून शिंप्याचंच नाव आहे. वहीत त्या ओळीपुढे दोन लिहायचा होता, गाडी विकली. काकांनी ती जागा रिकामी ठेवली आणि वही जमा केली. त्यांचं काम संपलं. जावयाने नवं काही शोधू का म्हणून विचारलं, काकूंनीच नको म्हणून सांगितलं.

पुढच्या महिन्यात आपोआप जुळून जातं, अशी एकतीस वर्षांची त्यांची खात्री होती. आता ते रोज सकाळी, गुडघा बरा असतो तेवढ्या वेळात, मोठ्या चौकात जाऊन कठड्याला टेकून उभे राहतात. काकू विचारतात काय बघता, तर म्हणतात गाड्या. विटकरी रंगाची दिसली की मान तिरकी करून नंबर वाचतात. लांबून वाचता येतो त्यांना, अजून.